जव्हारची भिंत आणि कैरोची चित्रशाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या जव्हारच्या घरात एका चित्रावरून तंटा झाला. आठवीत शिकणाऱ्या आमच्या पुतणीने एलिमेंटरी परीक्षेच्या सरावासाठी स्मरणचित्र काढले होते. विषय होता आठवडी बाजार. टोपल्या मांडून बसलेल्या बायका, शेळी ओढत नेणारा पोरगा, कडेला तारपा घेऊन उभा असलेला म्हातारा आणि मधोमध बुरखा घातलेली एक बाई. ती तिची अम्मी होती, हे पिशवीवरून ओळखू येत होते. आमच्या वयोवृद्ध चाचांनी ते चित्र हातात घेतले, नीट पाहिले आणि चार तुकडे करून चुलीत घातले. "कयामतच्या दिवशी अल्लाह म्हणेल, यात आता जीव घाल. घालशील?" एवढेच ते बोलले. पोरगी काही बोलली नाही. तिने रंगाची पेटी कपाटात ठेवली ती आजतागायत बाहेर काढलेली नाही.

चाचा दुष्ट नाहीत. या पोरीच्या शाळेची वह्या-पुस्तके तेच आणतात. त्यांना तिची काळजी आहे आणि ती आखिरतची काळजी आहे. म्हणूनच त्यांना हसून उडवून लावणे आम्हांस मान्य नाही. परंतु त्याच संध्याकाळी चाचांनी आखातातल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या मोबाईलच्या पडद्यावर नातवाचा फोटो आहे. लग्नातल्या व्हिडिओची कॅसेट, पुढे सीडी आणि आता पेनड्राइव्ह, सगळे या घराने जपून ठेवले आहे. हजच्या अर्जाला फोटो लागतो, रेशनकार्डाला लागतो, निवडणुकीच्या ओळखपत्राला लागतो. या साऱ्या तसविरी चालतात. चालत नाही ती फक्त आमच्या पोरीच्या हातून उतरलेली. यंत्राने काढलेले चित्र हलाल आणि मुलीच्या बोटांनी काढलेले हराम, हा कोणता न्याय? फोटो म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखा, असा युक्तिवाद काही उलेमा करतात हे आम्ही जाणून आहोत. पण तो युक्तिवाद शोधावासा वाटला याचे कारण फोटोवाचून आमचे अडते. चित्रावाचून आमचे अडत नाही, म्हणून त्यासाठी कुणी युक्तिवाद शोधत नाही. दुखणे इथे आहे.

विरोधी बाजू आधी प्रामाणिकपणे मांडू. तसवीर काढणाऱ्यांना कठोर इशारा देणाऱ्या हदीस आहेत आणि त्या सहीह संग्रहांत आहेत. त्या नाहीतच असे म्हणणारा सुधारक आमच्या उपयोगाचा नाही. पण त्याच संग्रहांत हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांचा उल्लेख आहे. चित्रे असलेला पडदा उतरवून त्याच्या उशा केल्याचाही आहे. चित्रे काढूनच पोट भरणाऱ्या माणसाला इब्ने अब्बास यांनी झाडे व निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याचे आहे. कुरआनात सूरह सबामध्ये हजरत सुलैमान यांच्यासाठी जिन्न 'तमासील' घडवीत असल्याचा उल्लेख आहे आणि तिथे तो अल्लाहच्या कृपेच्या ओघात आला आहे. म्हणजे प्रश्न एका वाक्यात मिटण्यासारखा नाही. इशारा कशाविरुद्ध होता, हे विचारावेच लागते. काब्यात मूर्ती मांडून ठेवलेल्या काळातला तो इशारा होता. पूजेकडे नेणाऱ्या प्रतिमेविरुद्ध होता.

हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. हा विचार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या मुफ्तींनी मांडला. शेख मुहम्मद अब्दुह हे १८९९ पासून १९०५ मध्ये इंतकाल होईपर्यंत इजिप्तचे मुफ्ती होते. अझहरमध्ये शिकलेले आणि तिथेच शिकवलेले. १९०३ मध्ये ते सिसिलीला गेले, तिथली चित्रे, पुतळे, संग्रहालये त्यांनी पाहिली आणि 'अल-मनार' या मासिकात त्यावर लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कविता जशी माणसाच्या अवस्था जपून ठेवते तसे चित्रही जपते. मूर्तिपूजेचा धोका नसेल तर ज्ञानाचे इतके उत्तम साधन शरियत निषिद्ध ठरवील असे वाटत नाही. त्यांनी एक टोलाही मारला होता. बाहेरच्या लोकांनी जुने जपले आणि आम्ही आमचे जपले नाही, ही आमची हलगर्जी आहे, असा त्याचा रोख होता. मुफ्ती हे म्हणाले. आमच्याकडे असे एखादा मराठी मुस्लिम लेखक म्हणाला असता तर त्याचे काय झाले असते, हे वाचकांना सांगायला नको.

पुढे काही वर्षांत कैरोत चित्रशाळा निघाली. १९०८ मध्ये राजघराण्यातील युसुफ कमाल यांनी स्वतःच्या पैशाने ती काढली. शिकवायला फ्रेंच आणि इटालियन मास्तर. पण पहिल्या तुकडीत बसलेली पोरे तिथल्या मातीची होती. त्यातला महमूद मुख्तार हा नाईलच्या खोऱ्यातल्या खेड्यातला. फराओच्या स्फिंक्सशेजारी चेहऱ्यावरचा पडदा दूर सारणारी शेतकरी स्त्री त्याने ग्रॅनाइटमध्ये उभी केली आणि तिला 'नहदत मिस्र' म्हणजे इजिप्तचे पुनरुत्थान हे नाव दिले. त्या शिल्पासाठी लोकांनी वर्गणी काढली. १९२८ मध्ये कैरोच्या रेल्वे स्थानकासमोर त्याचे अनावरण झाले. १९५५ मध्ये ते कैरो विद्यापीठासमोर हलवले गेले आणि आजही तिथे आहे. हजार वर्षांहून जुन्या अझहरच्या शहरात हा पुतळा उभा राहिला. त्याची पूजा कुणी केली? सव्वीस-सत्तावीस वर्षे स्थानकासमोर असताना कुणी त्याला नारळ फोडला, की कुणी त्याच्यापुढे सजदा केला?

याच पहिल्या तुकडीतल्या दोन मित्रांची गोष्ट आम्हांस फार आवडते. युसुफ कामिल हा मुसलमान आणि राघेब अय्याद हा कॉप्ट ख्रिस्ती. दोघे शाळामास्तर. दोघांनाही रोमला जाऊन चित्रकला शिकायची होती आणि दोघांकडेही पैसा नव्हता. त्यांनी ठरवले की आधी एकाने जायचे, दुसऱ्याने मागे राहून दोघांचे तास घ्यायचे आणि पगार मित्राला पाठवायचा. मग पाळी बदलायची. त्यांनी तसे केले. पुढे अय्यादने काय काढले? खेड्यातले बाजार, जनावरे, शेतात राबणारी माणसे. आमच्या पुतणीने जे काढले होते तेच.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. "हे सगळे पाशा आणि राजपुत्रांचे खेळ. युरोपची नक्कल. मुसलमानांचा त्याच्याशी काय संबंध?" आक्षेपात तथ्य आहे. महमूद सईद हा पंतप्रधानाचा मुलगा, पेशाने न्यायाधीश. चित्रकलेसाठी नोकरी सोडायला त्याला १९४७ साल उजाडावे लागले. पण याच माणसाने नमाजात झुकलेली माणसे, झिक्र करणारे फकीर आणि दरवेशी रंगवले. मुसलमानाची इबादत मुसलमानाच्याच नजरेने रंगवणे ही युरोपची नक्कल कशी? आणि नकलेविरुद्ध पहिले बंड तिथल्या चित्रकारांनीच केले. १९३८ मध्ये जॉर्ज हुनैन आणि त्याच्या साथीदारांनी हिटलरने 'अधोगत' ठरवलेल्या कलेच्या बाजूने जाहीरनामा काढला. १९४६ मध्ये हुसैन युसुफ अमीन या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नवा गट काढला. त्यातला अब्दुल हादी अल-गझ्झार कैरोच्या सय्यदा झैनब मोहल्ल्यातून आलेला. उरूस, मौलूद, ताईत, जादूटोणा, भिकारी, वेडेपीर हे त्याचे विषय. त्याने १९४८ च्या सुमारास एक चित्र काढले. रिकाम्या थाळ्या पुढे ठेवून एका रांगेत उभी असलेली गरीब माणसे. बस्स, एवढेच. त्या चित्रापायी तो आणि त्याचा गुरू दोघेही तुरुंगात गेले. त्यांना सोडवायला शब्द टाकला तो महमूद सईद आणि मुहम्मद नागी या बड्या घरच्या चित्रकारांनी. पुढे इंजी अफलातून ही चित्रकर्ती नासरच्या राजवटीत १९५९ ते १९६३ तुरुंगात होती आणि तिने आतल्या कैदी बायकांची चित्रे तिथेच काढली.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. गझ्झारला तुरुंगात घालणारा फतवा नव्हता. रिकाम्या थाळीला घाबरणारे सरकार होते. चित्राची खरी ताकद सत्तेने ओळखली. आम्ही मात्र चित्रात अजून मूर्तीच शोधत बसलो आहोत.

आता जव्हार-मोखाड्याकडे येऊ. या दोन तालुक्यांत रिकाम्या थाळ्या नव्हत्या का? १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्याचे नाव पुन्हा कुपोषणापायी वर्तमानपत्रांत आले. मंत्री आले, गाड्या आल्या, अहवाल निघाले. जव्हारच्या बाजारात आमची दुकाने होती. त्या पाड्यांवरच्या आया आमच्याच दुकानात मीठ-मिरची घ्यायला येत होत्या. आमच्यापैकी किती जणांनी त्यांच्याकडे पाहिले? पाहणे हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. चित्र काढणारा माणूस आधी पाहायला शिकतो. ज्या समाजाने आपल्या पोरांना चित्र काढू दिले नाही, त्याने त्यांना शेजाऱ्याकडे निरखून पाहायलाही शिकवले नाही, असा आमचा आरोप आहे.

शेजारी काय करीत होता? तो भिंतीवर चित्र काढीत होता. कारवीच्या कुडाची भिंत, तिला शेणमातीचा लेप, वर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूच्या काडीने काढलेली माणसे. दोन त्रिकोणांचे शरीर, गोल डोके, काडीसारखे हातपाय. वारली लग्नात सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. तो चौक त्यांच्या धर्माचा भाग आहे. तो आमच्या घरात असावा असे आम्ही म्हणत नाही. त्याचा आदर करावा इतकेच म्हणतो. पण त्याच भिंतीवर भात लावणारी माणसे असतात, ताडावर चढणारा गडी असतो, तारप्याभोवती फेर धरलेली पोरे-पोरी असतात, मुंग्या असतात, कोंबड्या असतात. ती पूजा नाही. ती त्यांची जिंदगी आहे. अब्दुह यांनी केलेला भेद इथे जसाच्या तसा लागू पडतो.

शिवाय एक गंमत पाहा. वारली माणसाला डोळे नसतात, नाक नसते, ओठ नसतात. चेहरा नसलेल्या आकृतीला जुन्या काळापासून अनेक फकीहांनी सूट दिलेली आहे. म्हणजे कडव्यातल्या कडव्या मौलवींनाही या चित्राविरुद्ध फारसे बोलता येऊ नये. तरीही आमच्या घरांत ते 'काफिरांचे चित्र' म्हणून निषिद्ध आहे. यावरून आक्षेप हदीसचा नसून शेजाऱ्याचा आहे असा संशय आम्हांस येतो. मात्र या पळवाटेने आम्ही समाधान मानणार नाही. आमच्या पुतणीने अम्मीचे डोळे काढले होते. बुरख्यातून दिसतात तेवढेच, पण काढले होते. आम्हांस त्या डोळ्यांचाही हक्क हवा आहे.

कैरोजवळ हर्रानिया नावाचे खेडे आहे. रामसेस विसा वासेफ या वास्तुविशारदाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांना हातमाग दिले. नियम तीनच. आधी कागदावर नमुना काढायचा नाही, कुणाची नक्कल करायची नाही आणि मोठ्या माणसांनी दोष काढायचे नाहीत. त्या पोरांनी विणलेली झाडे, पक्षी, बाजार जगभर गेले. १९८३ मध्ये त्या केंद्राच्या वास्तूला आगा खान पुरस्कार मिळाला. आमच्याकडे १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार डहाणू भागातल्या पाड्यांवर फिरला आणि भिंतीवरच्या चित्राला त्याने कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो कागद घेतला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच वर्षी पालघर जिल्हा झाला.

पण या यशाचीही दुसरी बाजू आहे आणि ती इजिप्तमध्येही होती. तिथे कैरोच्या चित्रकाराने शेतकरी रंगवला, चित्र विकले गेले, शेतकरी होता तिथेच राहिला. इथे भिंतीवर चित्र लिहिणाऱ्या बायका होत्या, बाजार आला तेव्हा नाव बहुतेक पुरुषांचे झाले. आज चादरीवर, कपबशीवर, साडीवर छापील वारली मिळते. ती छापणाऱ्यांत आणि विकणाऱ्यांत आमचे बांधवही आहेत. म्हणजे चित्र काढणे हराम, पण दुसऱ्याचे चित्र छापून विकणे हलाल! धंदा करा, धंदा सुन्नत आहे. पण ज्याचे चित्र त्याचे नाव आणि त्याचा दाम, हाही इस्लामी व्यवहाराचा पहिला धडा आहे.

काही जण म्हणतील, "आमची कला खुशखती. कुरआनाची आयत सुंदर लिहावी, यापलीकडे मुसलमानाला काय हवे?" खुशखतीवर आमचेही प्रेम आहे. पण इजिप्तने या दोहोंत सवत मांडली नाही. चित्रशाळा होती आणि १९२० च्या दशकात राजे फुआद यांच्या आश्रयाने खुशखतीची शाळाही निघाली. आम्ही मात्र एकीचे नाव पुढे करून दुसरीचा गळा दाबतो आणि खरे सांगायचे तर खुशखतीही शिकवत नाही. जव्हार-मोखाड्यात आयत लिहायला शिकवणारा एक वर्ग दाखवावा.

इजिप्तमध्ये वाद संपला असेही आम्ही म्हणत नाही. २००६ मध्ये तिथले मुफ्ती अली गोमा यांनी घरात शोभेचे पुतळे ठेवण्याविरुद्ध मत दिले तेव्हा लेखक-चित्रकारांनी गदारोळ केला. म्हणजे शंभर वर्षांनंतर मुफ्तींच्याच गादीवरून अब्दुह यांच्या विरुद्ध सूर निघाला. परंतु तिथे वाद घालायला चित्रकार आहेत, शाळा आहेत, संग्रहालये आहेत. आमच्याकडे वाद घालायला चुलीतली राख आहे.

आणि आमचे जे होते त्याचे आम्ही काय केले? मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मले. मराठी मुलखाने जगाला दिलेला हा चित्रकार. त्यांना देश सोडावा लागला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घ्यावे लागले, २०११ मध्ये लंडनजवळ त्यांचे दफन झाले. त्यांच्यामागे लागलेल्या हिंदुत्ववाद्यांचा निषेध आम्ही करतोच. पण २००४ मध्ये त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका गाण्यावरून तो चित्रपटगृहांतून उतरवायला लावणारे कोण होते? आमचेच. त्यांनी देवी काढली म्हणून एकांनी हाकलले आणि नूर हा शब्द वापरला म्हणून दुसऱ्यांनी. त्या काळात आमच्यातले किती जण 'हा आमचा आहे' म्हणून उभे राहिले? आदिवासी आणि कोळी जीवन रंगवणारे ए. ए. आल्मेलकर आमच्यातले. त्यांचे नाव तरी आमच्या किती पोरांना ठाऊक आहे?

जव्हार हे गाव एकमेकांना नाकारणाऱ्यांचे नाही. इथल्या मुकणे राजांनी दिल्लीच्या सुलतानाकडून आलेला 'शाह' हा शब्द आपल्या नावात अभिमानाने मिरवला. नेमशाह हे नाव १३४३ पासूनचे मानतात. इथल्या दर्ग्याच्या उरुसाला पाड्यांवरची माणसे येतात. उन्हाळ्यात बोहाड्याची सोंगे नाचतात तेव्हा मुखवटे पाहायला आमचीही पोरे रात्रभर जागतात, आम्हीही जागलो आहोत. इमान कुणाचे गेले नाही. डोळे तेवढे भरले.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलामुलींना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसू द्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि पुढे चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरीही याच वाटेने लागते. चित्रकलेच्या तासाला पोरांना उर्दूच्या वर्गात बसवू नका. वारली चित्र घ्यायचे तर काढणाऱ्याच्या हातून, त्याचे किंवा तिचे नाव लिहून घ्या. आणि आमच्या वार्षिकांनी कविता-कथांसोबत आमच्या चित्रकारांची चित्रेही छापावीत. वेलबुट्टीवर भागवू नये.

परीक्षेचा अर्ज आम्ही शाळेतून आणून ठेवला आहे. पालकाची सही हवी. आमचे भाऊ चाचांच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून सही चाचांच्या होकारावर अडली आहे. स्मरणचित्रात माणसे काढावीच लागतात. झाडांवर भागत नाही. चाचा, हा लेख तुम्हांला वाचून दाखवायचा म्हणूनच लिहिला आहे. तुम्ही पोरीला विचारले होते, यात जीव घालशील का? जीव घालणारा अल्लाहच आहे, हे तिलाही ठाऊक आहे आणि तिने तसा दावा कधी केला नाही. त्यानेच घातलेला जीव तिने बाजारात पाहिला, त्याने दिलेल्या हाताने काढला. आता आमचा एकच सवाल आहे. ते हात दिले कशासाठी? उत्तर द्या, नाहीतर सही करायला सांगा.